विश्वकोशाचा संदर्भ: ‘खंड-पान कोण बघतंय?’

तळटीप्या: परवा इथेच एका महाभागानं पीएचडीवाल्यांना सल्ला दिला, ‘कोशाचा संदर्भ देताना नुसतं मराठी विश्वकोश लिहा, खंड-पान कोण बघतंय.’ डोकंच फिरलं, म्हणून हा धागा. अहो, वीस खंड आहेत ते! प्रत्येक नोंदीखाली लेखकाचं आडनाव, आद्याक्षरं छापलेली असतात. ते गाळून सरसकट ‘जोशी, लक्ष्मणशास्त्री, 1976’ ठोकायचं? 1976 हे पहिल्या खंडाचं साल. प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी 1994 साली गेले, विसावा खंड त्यानंतरचा. नोंदलेखक, नोंदीचं शीर्षक, संपादक, खंड, साल, पान. एक ओळ जास्त लिहायला हात दुखतो का?

बिनपानी: महाभाग मीच. नोंदी अकारविल्हे असतात, शोधणाऱ्याला सापडतात. संदर्भ देण्याच्या शिकागो पद्धतीतही नावाजलेल्या कोशाला आवृत्ती आणि नोंदीचं शीर्षक दिलं की भागतं. तुम्ही शिकागोपेक्षा शहाणे?

तळटीप्या: तुम्ही तर शीर्षकही नको म्हणालात! आणि केतकरांच्या ज्ञानकोशाचे पहिले पाच प्रस्तावनाखंड अकारविल्हे नाहीतच. तिथे पानाशिवाय काय हुडकणार, कपाळ?

ग्रंथालयवाली: सालाचं निघालंच आहे तर ऐका. एका प्रबंधात मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाचा संदर्भ ‘मोल्सवर्थ, 1975’ असा दिलेला, आणि त्याच्या जोरावर स्वातंत्र्यानंतर शब्दाचा अर्थ कसा बदलला याची दोन पानं! साहेब 1975 साली कोश रचत बसले होते का? ते पुनर्मुद्रण आहे, आवृत्ती 1857ची.

सासवडकर: हातात 1975ची प्रत असेल तर 1857 लिहिणं खोटंच की.

ग्रंथालयवाली: 1857/1975 लिहा, दोन्ही खरं.

सासवडकर: मग 1831च्या पहिल्या आवृत्तीनं काय घोडं मारलंय? तेही टाका, ओळ भरू दे.

ग्रंथालयवाली: दुसरी आवृत्ती सुधारून वाढवलेली आहे. न पाहिलेल्या आवृत्तीचं साल कशाला टाकायचं? उगाच फाटे फोडू नका.

तिसरा_मसुदा: तुमचं बरंय. मी खंड काढून, टेबलावर बसून नोंदी उतरवल्या, पानं दिली. आमच्या गाइडनं सगळं खोडून लिंका टाकायला लावल्या. का, तर ‘तपासणाऱ्याला क्लिक करता येतं.’

बिनपानी: बरोबर आहे गाइडचं! संकेतस्थळावर तीच नोंद आहे आणि तिथे पान नाही. बुडालं का ज्ञान?

तळटीप्या: मग संकेतस्थळावर वाचली असं लिहा, पाहिल्याची तारीख टाका. वाचायचं मोबाइलवर आणि ऐट छापील खंडाची, याला लबाडी म्हणतात.

बिनपानी: बरं बुवा, नोंदलेखकाचं नाव देतो. मोल्सवर्थला 1857 देतो, हवा तर हारही घालतो. पान मात्र देणार नाही.

ग्रंथालयवाली: उपकार झाले. आता दाते-कर्व्यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’च्या पुरवणी विभागाचं साल मूळ विभागांच्या सालात घुसडणारे कोण आहेत, त्यांनीही पुढे यावं.