घट बसायच्या आत घर आवरायचंय (बी विंगचा ग्रुप)

नेहा ३०४: नमस्कार मंडळी. घट बसायच्या आत घर आवरायचंय आणि आमच्या मावशी गावी गेल्यात. त्यांच्याही घरी गोधड्या धुण्यापासून सगळं काढलंय, त्यामुळे बोलताही येत नाही. आम्ही दोघं ऑफिसात, थोरलीची सहामाही चालू, धाकटा जिथे बसेल तिथे पसारा. अ‍ॅपवरून डीप क्लीनिंगवाले कुणी बोलावलेत का? पैसे वसूल होतात?

अमोल ५०२: गेल्या दिवाळीत बोलावले होते. चिमणी, पंखे, खिडक्यांच्या जाळ्या एकदम चकाचक. कपाट उघडलं तर आतलं सगळं जसंच्या तसं. त्यांना दोष नाही, ते धूळच काढणार.

काकू ७०१: अमोल बरोबर बोलला. नेहा, तुझं घर मळलंय की पसरलंय ते आधी सांग. मळ बाहेरचा माणूस काढेल. पसारा घरच्यांनीच काढायचा, काय ठेवायचं नि काय टाकायचं हे त्या पोरांना काय कळणार?

नेहा ३०४: पसरलंय काकू 🙈 धुतलेले कपडे खुर्चीवर. टेबलावर लॅपटॉप, सासऱ्यांची औषधं, पार्सलची खोकी, कंपासपेटी. जेवायला बसायचं तर आधी टेबल उपसायचं.

काका १०२: 🌹🙏 सुप्रभात. ज्याच्या मुखी गोड वाणी 🌹

सेक्रेटरी: काका, सुप्रभात ‘गप्पा’ ग्रुपवर टाका ना.

काका १०२: चुकून आलं.

काकू ७०१: जरा लांबलचक लिहिते, सांभाळून घ्या. माझी बँकेतली नोकरी, घरात सासू-सासरे, दोन मुलं. तरी घर नीटनेटकं असतं असं लोक म्हणायचे. खरं तर नीट असायचा तो फक्त ओटा, मोरी आणि दारातून आत आल्यावर दिसणारा भाग. आतल्या खोलीचं दार लोटलेलं 😄 सगळं घर रोज आवरायला गेलीस तर आठवड्यात दमशील. ओटा आणि सिंक मात्र रात्री रिकामं करूनच झोपायचं. सकाळी डब्याच्या घाईत कालची कढई पुढ्यात आली की चिडचिड तिथूनच सुरू होते.

आणि कपडे. घड्या घालायला वेळ लागत नाही गं, कुणाचं काय ते निवडून चार कपाटांत पोचवण्यात वेळ जातो. मी प्रत्येकाला एकेक टोपली दिली होती. दोरीवरून काढतानाच ज्याचे त्याच्या टोपलीत. पुढे घडी घाला नाहीतर चुरगळलेले घाला. माझ्या मुलाने चुरगळलेले घालून बघितले, वर्गात पोरं हसली, मग आपणहून इस्त्री शिकला. मी मात्र मधे पडले नाही. ते फार जड गेलं, मुलाचा शर्ट बघून लोक आईला नावं ठेवतात.

दीपाली ४०३: काकू, शेवटचं वाक्य अगदी खरं. पाहुणे आले नि घर पसरलेलं दिसलं तर लाज मलाच वाटायची, नवऱ्याला नाही. तो आरामात चहा पीत बसणार.

रोहन ६०१: ताई, सगळे तसे नसतात हं. मी रोज भांडी लावतो, केर काढतो.

दीपाली ४०३: करतोस रे, दिसतं. पण भांड्यांचा साबण संपत आलाय हे कुणाच्या लक्षात येतं? बुधवारी पीटीचा पांढरा ड्रेस लागतो, म्हणून सोमवारी मशीनला पडायला हवा, ही आठवण कुणाच्या डोक्यात?

रोहन ६०१: …तिच्या.

दीपाली ४०३: तेच म्हणतेय. केंद्र सरकारची वेळेच्या वापराची पाहणी आहे, २०२४ ची. घरकामात बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांचे ८८. शिवाय ही सरासरी घरकाम करणाऱ्यांचीच. इकडची काडी तिकडे न करणारे त्या ८८ मध्ये धरलेलेच नाहीत. २०१९ च्या पाहणीत आकडे होते २९९ आणि ९७. पाच वर्षांत दोघांचीही दहाएक मिनिटं कमी झाली, अंतर होतं तेवढंच राहिलं. आणि यात हात चालतात तो वेळ मोजलाय. बसमध्ये उभ्या उभ्या यादी चालू असते तिचा हिशेब कुठेच नाही.

अमोल ५०२: यावर आमच्याकडे भांडण होऊन तोडगा निघालाय. सुटी कामं वाटायची नाहीत, अख्खं खातं द्यायचं. संडास-बाथरूम माझं. म्हणजे ब्रश झिजला, फिनेल संपलं, नळ गळतोय, प्लंबरला फोन, सगळं माझ्याकडे. बायकोने आठवण करायची नाही आणि मी केलेलं पुन्हा करायचं नाही. दुसरी अट तिला जास्त जड गेली.

काकू ७०१: जाणारच. पुरुषाने पुसलेल्या ओट्यावरून परत फडकं फिरवल्याशिवाय आम्हाला झोप येत नाही 😂

स्मिता २०१: विषय चाललाय तोवर विचारते. बोअरच्या पाण्याने नळांवर पांढरे थर आलेत. काय लावू?

अमोल ५०२: माझं खातं! लिंबूसत्व कोमट पाण्यात विरघळवून फडकं भिजवायचं, नळाला गुंडाळून अर्धा तास ठेवायचं, मग घासायचं. पण कडप्प्यावर, शहाबादीवर, मार्बलवर थेंब पडू देऊ नका. हे चुनखडीचे दगड, आंबट लागलं की झिजतात. चकाकी जाऊन पांढुरका डाग पडतो आणि तो पुसून निघत नाही. ग्रॅनाइटला सहसा काही होत नाही. आणि संडासात अ‍ॅसिड नि ब्लीचिंग पावडर एकत्र कधीच टाकू नका, क्लोरीन वायू तयार होतो. बंद बाथरूममध्ये जिवावर बेतू शकतं.

स्मिता २०१: बापरे. आमच्या मावशी दोन्ही एकत्र ओततात. आजच सांगते.

वैभव ८०४: बी विंगला पाणी का नाही?

सेक्रेटरी: टाकी धुतायत. एक वाजता येईल. सकाळीच मेसेज टाकला होता.

सेक्रेटरी: आणि आता मीही बोलून घेतो. घर आवरताना घरातलं बाहेर पॅसेजमध्ये आणून ठेवू नका, हात जोडून विनंती. चपलांचे स्टँड, सायकली, जुनी गादी, चौथ्या मजल्यावर तर चक्क एक कूलर. २००६ चा राज्याचा आग प्रतिबंधक कायदा आहे, दर जानेवारी आणि जुलैत सोसायटीला यंत्रणा ठीक असल्याचा फॉर्म बी द्यावा लागतो. यंत्रणा ठीक असून काय उपयोग, धुरात लोक कूलरला अडकून पडणार असतील तर?

दीपाली ४०३: कूलर आमचा. उद्या काढते. माळ्यावर जागा नाही हो.

काकू ७०१: माळ्यावर काय आहे तेवढं सांग.

दीपाली ४०३: टीव्हीचं खोकं, मिक्सरचं खोकं, वॉशिंग मशीनचं थर्माकोल, मुलीची पाळण्यापासूनची खेळणी, सासूबाईंची पितळेची भांडी.

काकू ७०१: टीव्ही केव्हाचा?

दीपाली ४०३: लग्नातला 😬 खोकं वॉरंटीसाठी ठेवलं होतं.

काकू ७०१: लग्नातल्या टीव्हीची वॉरंटी केव्हाच संपली असेल. काढ ते. पुठ्ठ्याच्या घड्यांत झुरळं अंडी घालतात, पावसाळ्यात ओल धरते ती वेगळीच. पितळ ठेव, पण खाली काढून वापर. माळा रिकामा झाला की बाकीचं घर आवरायला जागा होते. आपण उलटं करतो. आधी प्लॅस्टिकचे डबे नि कप्पे विकत आणायचे, मग त्यांत तोच पसारा भरायचा. डबे कमी पडतात, परत आणायचे.

नेहा ३०४: काकू, मी काल रात्रीच सहा डब्यांचा सेट मागवलाय.

काकू ७०१: रद्द होतो का बघ.

काका १०२: माझ्याकडे १९८० पासूनचे दिवाळी अंक आहेत. ते टाकायचे नाहीत म्हणून घरात रोज वाद होतो. हे कुणीतरी मधे पडून सांगा.

काकू ७०१: काका, जे वाचता ते ठेवा. उरलेले वाचनालयाला विचारून द्या. रद्दीत नको.

सेक्रेटरी: चांगली कल्पना आहे. शनिवारी सकाळी भंगारवाला आणि रद्दीवाला दोघांनाही गेटवर बोलावतो. खोकी घरूनच उलगडून, सपाट करून आणा. बंद पडलेले चार्जर, मोबाइल, वायरी वेगळ्या पिशवीत, ई-कचरा गोळा करणाऱ्यांना देऊ. जुनी औषधं, सेल, ट्यूबलाइट सुक्या कचऱ्यात टाकायची नाहीत, तो घरगुती घातक कचरा. कचरा वेचणाऱ्या ताईंचे हात कापतात. चांगल्या स्थितीतल्या वस्तूंचे फोटो इथेच टाका, कुणाला हवं असेल तर घेईल. शनिवारी उतरणाऱ्यांनी खाली नाव लिहा.

अमोल ५०२: ५०२

स्मिता २०१: २०१

दीपाली ४०३: ४०३. कूलरसकट.

नेहा ३०४: ३०४. सेट रद्द झाला 🎉

रोहन ६०१: ६०१. पीटीचा ड्रेस आजपासून माझ्याकडे.

वैभव ८०४: कूलर चालू आहे का? फोटो टाका.

दीपाली ४०३: चालू आहे, पंप नवा बसवायला लागेल. पण वैभव, तुझ्या माळ्यावर जागा आहे का आधी बघ.

वैभव ८०४: पॅसेज आहे ना 😄

सेक्रेटरी: वैभव!!