मदत हवी आहे: शेणखत टाकूनही सेंद्रिय कर्ब वाढेना, पाणीही पुरेना

माळरानवाला
मातीचा रिपोर्ट आला. सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या शेण-पाल्यातून मातीत राहिलेला कार्बन) 0.38 टक्के. गेल्या वर्षी 0.41 होता. मधे एवढं शेणखत ओतलं, तर वाढायचं सोडून घसरला! वर पाण्याचं रडगाणं. सकाळी ठिबक बंद केलं की दुपारी फुफाटा. प्रयोगशाळेत विचारलं तर म्हणे "सेंद्रिय खत वाढवा". तेच तर केलंय की ओ. नेमकं काय टाकू तेवढं सांगा. परवा ट्रॅक्टर येणार आहे.

बार्शीची तूर
पीक कोणतं? जमीन काळी का मुरमाड? शेणखत एकरी किती?

माळरानवाला
दोन एकर, सांगोल्याकडं. म्हणजे जमीन मुरमाड, ते कळलंच. शेणखत भरपूर टाकलंय.

गूळबेसन
शेणखताचा नाद सोडा. दर पंधरवड्याला जीवामृत सोडा, कर्ब आपोआप वाढतो. माझ्या रानात गांडुळं बघायला या.

हिशोबी
गूळबेसन, गांडुळं असतील, नाही म्हणत नाही. पण एकरभर रानात वरच्या 15 सेंमी थरात साधारण नऊ लाख किलो माती असते. कर्ब 0.1 टक्क्यानं वाढवायचा तर 900 किलो कर्ब मातीत टिकायला हवा. जीवामृताच्या एका फेरीत एकरी दहा किलो शेण, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, यात कर्ब तीन किलोसुद्धा भरत नाही.
आता शेणखत. दहा टन ओलं धरा. निम्मं पाणी, उरलेल्यात कर्ब तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे दीड टन. मातीतले जिवाणू ते खातात, थोडं अंगाला लावतात, बाकीचं कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातं. आपल्या उन्हात वर्षभरात दोन-तृतीयांश तरी गेलंच समजा. उरला अर्धा टन, म्हणजे एकरभर मातीत 0.05 टक्क्याची वाढ. तुमचा 0.41 आणि 0.38 मधला फरक नमुना कुठून घेतला यानंसुद्धा पडतो. दोन्ही वेळा जागा एकच होती का?

गूळबेसन
सगळं कागदावर मोजायचं तर शेती कशाला करता?

अंगण बाग
तेल्या रोगासाठी पावसाळ्याआधी 1 टक्का बोर्डो मिश्रण मारा. रोगट फांद्या छाटून जाळा.

माळरानवाला
पीक डाळिंबच आहे, पण तेल्या कुणी विचारला? नमुना मागच्या वेळी ठिबकच्या ड्रिपरजवळचा होता, यंदा दोन ओळींच्या मधला. मुलानं घेतला.

बार्शीची तूर
मग दोन रिपोर्टांची तुलना सोडा. ड्रिपरखाली ओल असते, तिथं मुळं मरतात, नवी येतात, पाला कुजतो. ओळींच्या मधे कोरडं ठाक. शेणखत कुठं पडलं? आणि ट्रॅक्टर कशाला येतोय?

माळरानवाला
शेणखत मधल्या पट्ट्यात पसरलं. ट्रॅक्टर रोटाव्हेटर मारायला, म्हणजे माती घुसळायला. गवत लई झालंय. दर महिन्याला मारतो.

हिशोबी
सापडलं. प्रत्येक फेरीला ढेकळं फुटतात, आत दडलेला कर्ब उघडा पडतो, पहिली ओल मिळाली की जिवाणू तो फस्त करतात. ट्रॅक्टर परत पाठवा. गवत कापा आणि तिथंच पडू द्या.

भुसभुशीत
आणि जमीन दगड होऊ द्या? मुरमाड रान न हलवता पाणी मुरतं कुठं? आमच्या आज्यापासून नांगरट चालू आहे.

हुरडा
मी तर म्हणतो डाळिंब काढा, ज्वारी पेरा. एक किलो वाळका माल तयार करायला ज्वारी साधारण 300 लिटर पाणी घेते, गहू-तुरीच्या जातीची पिकं 500 च्या पुढं. डाळिंबही त्यातलंच. पान कर्ब आत घ्यायला रंध्र उघडतं आणि तिथूनच पाणी उडतं. ज्वारी कमी उघडून भागवते. मालदांडी 35-1 आपल्या मोहोळचीच, मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकन आहे!

बार्शीची तूर
मालदांडी काळ्या खोल रानातल्या ओलीवर येते. वीतभर मुरमावर काय पेरता?

भीमाकाठ
पाण्याचं म्हणाल तर सगळं उजनी धरणाचं राजकारण. कालव्याच्या टेलला पाणी येतं कधी?

हुरडा
आणि तुम्ही ऊस लावता. ऊससुद्धा ज्वारीच्याच गटातला, पण वर्षभर उभा, म्हणून दोन हजार मिमीच्या घरात पाणी पितो. आपला पाऊस पाचशे-साडेपाचशेच्या आसपास!

भीमाकाठ
ऊस काढला तर बँकेचं कर्ज तुम्ही फेडणार का?

माळरानवाला
इथं माझा प्रश्न होता.

हिशोबी
पाण्याचं सांगतो. रोज थोडं सोडलं तर वरचेच दोन बोटं भिजतात आणि ते उन्हात उडतं. खोडापासून हातभर लांब वीतभर खड्डा घ्या, तळची माती मुठीत दाबा. गोळा होऊन बोटानं फुटली तर वाफसा, म्हणजे पुरेशी ओल आहे, पाणी देऊ नका. ड्रिपरवर चार बोटं उसाचं पाचट (वाळका पाला) टाका. पाचट मातीत गाडू मात्र नका. त्यात नत्र (नायट्रोजन) फार कमी, ते कुजवायला जिवाणू मातीतलं नत्र ओढतात आणि झाड पिवळं पडतं. मधल्या पट्ट्यात पावसाळ्यात हिरवळीच्या खतासाठी ताग पेरा, फुलाआधी कापून पसरा. पाऊस सरल्यावर ठेवलात तर तो बागेचं पाणी पिईल. नमुना पुढच्या वर्षी त्याच जागेचा, त्याच महिन्यात.

कोळसावाला
बायोचार (काडीकचऱ्याचा कोळसा) टाका, जिवाणू खात नाहीत, वर्षानुवर्षं टिकतो.

हिशोबी
टिकतो, खरंय. पण चुनखडीचं रान असेल तर त्यातल्या राखेनं सामू (pH) आणखी चढतो. माळरानवाला, रिपोर्टात चुनखडी आणि सामू किती आहे?

माळरानवाला
सामू 8.3. चुनखडीचा आकडा पुसट आलाय, उद्या बघून टाकतो. ट्रॅक्टरवाल्याला नको म्हणून कळवलं, तो चिडलाय. पंढरपूरच्या बाजूला पाचट न जाळता कुणी देतंय का? गाडीभाड्याचं सांगा.

भीमाकाठ
माझ्याकडं आहे. पण भरणी तुमच्या माणसांनी करायची.