निकॉन झेडएफ: वरच्या डायल कामाच्या की शोभेच्या?

अर्धस्टॉप:
२०२३ साली आलेल्या झेडएफ या डिजिटल कॅमेऱ्याला निकॉनने आपल्याच १९८२च्या एफएम२ या फिल्म कॅमेऱ्याचं रूप दिलं. रूपाबद्दल तक्रार नाही, शटरचा वेग ठरवणाऱ्या डायलबद्दल आहे. तिच्यावर 'ए' (वेग कॅमेऱ्यानेच ठरवायचा) ही खूणच नाही. मोड, म्हणजे काय कॅमेऱ्याने ठरवायचं आणि काय आपण, ठरतो आयएसओ (प्रकाश-संवेदनशीलता) डायलखालच्या छोट्या खटक्याने. तो 'ए'वर (अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, आपण ठरवायचं, वेग कॅमेऱ्याने) ठेवला की कॅमेरा समजा १/१००० सेकंदाला फोटो काढतो आणि डायलवर मात्र १/२५० दिसत राहतं. कोरलेला आकडा खरा नसेल तर ती निव्वळ नक्षी. फुजीच्या एक्स-टी५मध्ये 'ए' डायलवरच आहे.

मंदप्रकाश:
असहमत. मॅन्युअलमध्ये (सगळं आपणच ठरवताना) १/६०वरून १/२०००ला जायला डायलचे ५ टप्पे लागतात. बोटाखालच्या चाकाने एकतृतीयांश स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) गेलात तर १५. कॅमेरा बंद असतानाही शटर आणि आयएसओ वाचता येतात, ते वेगळंच. फुजीचं गणित जुळतं कारण त्यांच्या बहुतेक एक्सएफ लेन्सवर अ‍ॅपर्चर रिंग असते आणि तिच्यावरही 'ए' असतो. निकॉनच्या झेड लेन्सवर आकडे कोरलेली रिंग नाही, म्हणून वेगळा खटका लागणारच.

अर्धस्टॉप:
म्हणजे एफएम२चं अर्धंच अंग उचललं, हेच म्हणतोय.

कोनाडा:
आपल्याकडची अडचण कुणी मांडली नाही. वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. हॉलमध्ये फोटोवर उमटणारे पट्टे टाळायला १/५० किंवा १/१०० हवं. डायलवर आहेत १/६० आणि १/१२५. मग डायल '१/३ स्टेप' या खुणेवर ठेवून चाकच फिरवायचं. लग्नाचं काम करणाऱ्याला ही डायल दिवसभर एकाच जागी ठेवावी लागते.

मंदप्रकाश:
हे मान्य. पण पकडीबद्दलही बोला, खरी तडजोड तिथे आहे. बॅटरी-कार्डासह झेडएफ ७१० ग्रॅम, निकॉनचाच झेड६ टू ७०५. वजन तेच, पकडीसाठीचा पुढचा उंचवटा मात्र जवळजवळ नाही. एफएम२ला सपाट अंग चालायचं, कारण डावा हात लेन्सखाली रिंगवर असायचा आणि उजवा अंगठा बाहेर ओढलेल्या फिल्म-लीव्हरमागे अडकायचा. इथे लीव्हर नाही. ४० मिमी एफ/२ लेन्स (१७० ग्रॅम) लावा, त्रास नाही. २४-१२० एफ/४ (६३० ग्रॅम) लावलात तर सगळा भार बोटांच्या टोकांवर येतो.

कोनाडा:
त्यावर बाहेरून ग्रिप लावताना आधी तिचा तळ बघा. दोन्ही कार्डं बॅटरीच्याच कप्प्यात आहेत. तळ त्या दारावर आला तर प्रत्येक वेळी कार्ड काढायला स्क्रू सोडवावा लागेल.