मदत हवी आहे: जर्मन नागरिकत्व लग्नामुळे लवकर मिळतं का? आणि गावाकडच्या शेतीचं काय?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी,

एरवी इथे नुसती वाचत असते, पण आता डोक्याचा पार भुगा झालाय म्हणून धागा काढतेय.

ऑक्टोबर २०२२ मध्ये मास्टर्ससाठी श्टुटगार्टजवळ आले. कोर्स पूर्ण इंग्रजीतून होता. डिग्री झाल्यावर नोकरी शोधण्यासाठीचा अठरा महिन्यांचा परवाना घेतला. आता एका कंपनीची ऑफर हातात आहे, एप्रिल २०२६ पासून रुजू व्हायचंय. माझा जोडीदार जन्माने जर्मन आहे. आम्ही एकाच पत्त्यावर राहतो, तशी नोंदणीही आहे. जूनमध्ये लग्न करावं असं चाललंय.

घरी सगळ्यांना माहीत आहे, विरोध कुणाचा नाही. पण सल्ले! आत्या म्हणते, गोऱ्याशी लग्न लागलं की पासपोर्ट घरपोच येतो. मामेभाऊ म्हणतो, जर्मनीत तीन वर्षांत नागरिकत्व देतात, त्याने व्हिडिओ पाहिलाय. इथल्या मैत्रिणी म्हणतात, विद्यार्थी म्हणून काढलेली वर्षं धरतच नाहीत, घड्याळ नोकरीपासून सुरू होतं. यातलं खरं काय?

दुसरं म्हणजे कागद. माझा जन्म सातारा जिल्ह्यातल्या आजोळच्या गावी झाला. ग्रामपंचायतीच्या जन्मदाखल्यावर माझं नावच नाही, नुसतं ‘मुलगी’. आईचं नाव माहेरचं. पासपोर्टवर मात्र आईचं सासरचं नाव. लग्न इथे करावं, डेन्मार्कला जाऊन करावं की सरळ साताऱ्यात?

तिसरं, बाबांचा प्रश्न. आमची थोडी बागायती आहे, ऊस असतो. नागरिकत्व गेलं तर पुढे पोरीच्या नावावर जमीन चढणार नाही असं त्यांना कुणीतरी सांगितलं. म्हणून ते आत्ताच माझ्या नावे बक्षीसपत्र करायला निघालेत, वकीलसुद्धा गाठलाय. थांबवू का करू देऊ?

दक्षिणजर्मन

ताई, आधी मामेभावाचा व्हिडिओ. २७ जून २०२४ ला नवा कायदा लागू झाला. आठ वर्षांची अट पाचवर आली आणि जर्मनीने दुहेरी नागरिकत्व सरसकट मान्य केलं. त्यातच एक खास तरतूद होती: सी-१ पातळीचं जर्मन आणि नोकरीत किंवा समाजकार्यात विशेष कामगिरी असेल तर तीन वर्षांत अर्ज. पुढच्या सरकारने ती काढून टाकली, ३० ऑक्टोबर २०२५ पासून ती बंद आहे. जुने व्हिडिओ अजून फिरताहेत. पाच वर्षं आणि दुहेरी नागरिकत्व हे दोन्ही कायम आहे.

आत्याबाईंचं म्हणणं तर कधीच खरं नव्हतं. जर्मन माणसाशी लग्न केल्याने आपोआप काही मिळत नाही. सवलत एवढीच की पाचऐवजी तीन वर्षांच्या वास्तव्यावर अर्ज करता येतो. पण सोबत दुसरी अट आहे: लग्नाला दोन वर्षं झालेली हवीत आणि त्या काळात जोडीदार जर्मन नागरिक असायला हवा. नुसतं एकत्र राहण्याला इथे शून्य किंमत. दहा वर्षं एका छताखाली काढलीत तरी नागरिकत्वाच्या अर्जात त्याचा उपयोग नाही.

आता तुमचा हिशोब मांडू. ऑक्टोबर २०२२ ला आलात, म्हणजे पाच वर्षं ऑक्टोबर २०२७ ला भरतात. जून २०२६ ला लग्न केलंत तर दोन वर्षं भरतात जून २०२८ ला. लग्नाचा रस्ता तुमच्यासाठी उलट आठ महिने लांबचा आहे.

कृष्णाकाठची

अरेच्चा! हे असं आडवं कुणीच मांडलं नव्हतं. पण मग विद्यार्थी म्हणून काढलेली वर्षं धरतात ना? तुमचा सगळा हिशोब त्यावरच उभा आहे.

दक्षिणजर्मन

धरतात. तुमच्या मैत्रिणींचा घोटाळा कुठे होतो ते सांगतो. दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. एक, किती वर्षं कायदेशीर राहिलात. यात शिक्षणाचा काळ येतो. दोन, अर्जाच्या वेळी हातात कोणता परवाना आहे. तो शिक्षणाचा किंवा नोकरी शोधण्याचा असेल तर पाच वर्षं होऊनही अर्ज चालत नाही. ब्लू कार्ड (उच्चशिक्षित नोकरदारांचा परवाना), कुशल कामगाराचा परवाना, जर्मन नागरिकाची पत्नी म्हणून मिळालेला परवाना किंवा पीआर (कायमच्या वास्तव्याचा परवाना), यातलं काहीतरी हवं. म्हणजे एप्रिलमध्ये नोकरीचा परवाना हातात पडला की तुमचा अडसर गेला.

मैत्रिणींच्या डोक्यात बहुधा पीआरचे नियम असतील. पीआरच्या सर्वसाधारण नियमात शिक्षणाचा काळ खरंच अर्धा धरतात. तुम्ही जर्मन विद्यापीठाच्या पदवीधर, त्यामुळे तुम्हाला दोन वर्षांची नोकरी आणि २४ महिन्यांचा पेन्शनचा हप्ता यावर पीआर मिळू शकतो. ब्लू कार्ड आणि बी-१ पातळीचं जर्मन असेल तर २१ महिन्यांत. गंमत अशी की तुमच्या बाबतीत नागरिकत्वाची पात्रता पीआरच्या आधी येते. आधी पीआर, मग नागरिकत्व अशी शिडी कायद्यात नाही, लोकांनीच ती मनात बांधलीय.

बाकीच्या अटी: बी-१ जर्मन. डिग्री इंग्रजीतून असल्याने त्यातून सूट नाही, परीक्षा द्यावी लागेल. नागरिकत्वाची चाचणी ३३ प्रश्नांची, ६० मिनिटं, १७ बरोबर आले की पास, फी २५ युरो. ३१० प्रश्नांचा सगळा संच सरकारने खुला ठेवलाय, त्यातले १० तुमच्या राज्यावरचे. स्वतःच्या कमाईवर जगता हे दाखवावं लागतं. अर्जाची फी २५५ युरो. मध्ये सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त जर्मनीबाहेर राहू नका, नाहीतर वास्तव्य खंडित झाल्याचा मुद्दा निघतो. आणि मोठ्या शहरांत फाईल वर्ष-दीड वर्ष पडून राहते, तेव्हा ‘पात्र झाले’ आणि ‘मिळालं’ यात अंतर ठेवा. तीन महिने कचेरी हललीच नाही तर प्रशासकीय न्यायालयात दाद मागता येते. बरेच जण मागतात आणि त्यावर इथे कुणी रागावत नाही.

माझं मत विचाराल तर नोकरीचाच परवाना घ्या, लग्नानंतरही तो बदलू नका. पत्नी म्हणून घेतलेला परवाना पहिली तीन वर्षं लग्नाशी बांधलेला असतो. तुमचा संसार सुखाचाच होईल हो, पण स्वतःच्या पायावरचा कागद असताना दुसऱ्याच्या खांद्यावरचा कशाला?

मोसंबी

वरच्या शेवटच्या परिच्छेदाला माझ्याकडून दोनदा अनुमोदन. माझा नवरा जर्मन आहे आणि मी थेट लग्नाच्या व्हिसावर आले. माझ्यासारखीला तीन वर्षांचा नियम उपयोगी पडतो, कारण वास्तव्य आणि लग्न दोन्ही एकदमच सुरू होतं. तुझ्यासारखी आधी शिकायला आलेली असेल तर बहुतेक वेळा फायदा राहत नाही.

आता कागदांचं बोलते, कारण खरी दमछाक तिथेच आहे.

जर्मनीत लग्न करायचं तर श्टांडेसआम्ट, म्हणजे तिथली विवाह नोंदणी कचेरी, परदेशी व्यक्तीकडे ‘लग्नास पात्र असल्याचा’ तिच्या देशाचा दाखला मागते. भारत असा दाखला देत नाही. मग प्रांताच्या उच्च न्यायालयाकडून त्यातून सूट घ्यावी लागते, तो अर्ज श्टांडेसआम्टच पुढे पाठवते. त्यासाठी जन्मदाखला आणि अविवाहित असल्याचा पुरावा लागतो, आणि बरेचदा ते भारतातल्या जर्मन वकिलातीमार्फत तपासायला जातात. वकिलातीने नेमलेला वकील खरोखर ग्रामपंचायतीत जाऊन रजिस्टर उघडून बघतो. आमच्या गावी तो आला तेव्हा ग्रामसेवकाला वाटलं जमिनीचाच काहीतरी घोळ आहे! यात काही महिने जातात आणि खर्च तुमच्या माथी.

एक महत्त्वाचं: पुण्या-मुंबईचे एजंट ‘अपॉस्टिल करून देतो, जर्मनीत चालतं’ म्हणून पैसे घेतात. अपॉस्टिल म्हणजे एका आंतरराष्ट्रीय कराराखाली कागदावर मारला जाणारा खरेपणाचा शिक्का. भारत त्या करारात आला तेव्हा जर्मनीने हरकत घेतली, त्यामुळे या दोन देशांत अपॉस्टिल लागू नाही. तो शिक्का मारून घेण्याआधी तुझ्या कचेरीला लेखी विचार.

जन्मदाखला मात्र आत्ताच हाती घे, लग्न कुठेही केलंस तरी. नागरिकत्वाच्या अर्जालाही तोच लागतो. बाबांना ग्रामपंचायतीत पाठव, शाळा सोडल्याचा दाखला जोडून मूळ नोंदीत तुझं नाव चढवून घ्यायला सांग. मुदतीचे नियम असतात, ग्रामसेवकाशी आधी बोला. आईच्या नावाचं म्हणशील तर इथल्या माणसाला आपली पद्धत समजतच नाही. लग्नाआधी मधलं नाव वडिलांचं, नंतर नवऱ्याचं, आडनावही वेगळं, कधी सासरी पहिलं नावही बदललेलं. त्याच्या लेखी त्या दोन वेगळ्या बायका आहेत. आईबाबांचा विवाह दाखला असेल तर उत्तम, नसेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र कर. भाषांतर जर्मनीतल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच घे आणि नावांचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच घालायला बजाव. माझ्या एका कागदावर ‘व्ही’ होता आणि दुसऱ्यावर ‘डब्ल्यू’. तेवढ्यासाठी फाईल परत आली होती.

डेन्मार्कचा पर्याय खरा आहे. कागद कमी मागतात, आणि तिथला विवाह दाखला जर्मनीत मानला जातो. इथली कितीतरी मिश्र जोडपी सीमा ओलांडून तिकडेच लग्न करतात. साताऱ्यात नोंदणी लग्न म्हणजे विशेष विवाह कायदा: दोघांपैकी एकाने जिल्ह्यात ३० दिवस राहिलेलं हवं, मग ३० दिवसांची नोटीस. नवीन नोकरीत एवढी सुट्टी कोण देणार? माझं ऐकशील तर कागदोपत्री लग्न डेन्मार्कला कर, आणि अक्षता, वरात, जेवणावळी साताऱ्यात सवडीने.

फेरफार

शेतीचं मी बोलतो, वडील तलाठी होते, लहानपण सात-बाऱ्यात गेलं.

बक्षीसपत्र थांबवा. आजच फोन करा.

कारण असं. परदेशात राहणारी व्यक्ती, मग ती भारतीय नागरिक असो वा ओसीआय कार्डधारक (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्यांना भारत देतो ते कार्ड), तिला भारतात शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही आणि बक्षीस म्हणूनही घेता येत नाही. हा परकीय चलन कायद्याचा नियम आहे. विद्यार्थी म्हणून परदेशी गेलेली व्यक्तीही त्यात मोडते. म्हणजे अडचण नागरिकत्व गेल्यावर येणार नाही, ती आत्ताही आहेच. ‘अजून भारतीय पासपोर्ट आहे तोवर उरकून घेऊ’ हे बाबांचं गणितच चुकीच्या पायावर आहे.

वारसाहक्काने मात्र शेतजमीन मिळू शकते, ओसीआय झाल्यावरही. तेव्हा बाबांनी मृत्युपत्र करावं, किंवा काहीच न करता रीतसर वारस नोंद होऊ द्यावी. पुढे विकायची झाली तर ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येईल, आणि महाराष्ट्रात सर्वसाधारणपणे तो शेतकरीही असावा लागतो. घर, फ्लॅट, दुकान यांना ही बंदी नाही. गाठलेला वकील फक्त दिवाणी दावे बघणारा असेल तर परकीय चलन कायदा माहीत असलेल्या एखाद्या सीएला एकदा कागद दाखवा.

बार्देशकार

विषय थोडा बाजूचा, पण इथेच विचारतो. माझे आजोबा म्हापशाचे, १९४० च्या दशकात जन्मलेले. आम्हाला पोर्तुगालचं मिळतं म्हणतात ते याच प्रकारात येतं का?

दक्षिणजर्मन

नाही, तो वेगळाच मामला. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेल्यांना पोर्तुगाल आपले नागरिक मानतं. त्यांची जन्मनोंद लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कचेरीत करावी लागते, आणि त्या धाग्याने पुढच्या पिढ्या दावा करतात. तिथे वास्तव्य, भाषा, लग्न हे प्रश्न मागे राहतात, सगळं जुन्या पोर्तुगीज जन्मनोंदीवर उभं असतं. वेगळा धागा काढा, माहीतगार सापडतील.

लियॉनवाला

जर्मनीचं वाचून हेवा वाटला, पण फ्रान्समध्ये विद्यार्थ्यांसाठी एक सवलत आहे ती इथे नोंदवतो. फ्रेंच विद्यापीठात दोन वर्षांचं उच्च शिक्षण यशस्वीपणे पूर्ण केलं तर पाच वर्षांच्या वास्तव्याची अट दोनवर येते. मात्र १ जानेवारी २०२६ पासून भाषेची पातळी बी-२ केलीय. फ्रेंच माणसाशी लग्न असेल तर लग्नाला चार वर्षं झालेली हवीत. आणि स्पेनच्या वाटेला जाणाऱ्यांनी जपून, तिथे विद्यार्थी म्हणून राहिलेला काळ नागरिकत्वासाठी धरत नाहीत. सर्वसाधारण अट दहा वर्षांची, स्पॅनिश जोडीदाराशी लग्न असेल तर एकच वर्ष. म्हणजे तिथे आत्याबाईंचं जवळजवळ खरं!

कृष्णाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना फोन झाला. आधी चिडले, मग ‘त्या वकिलाने हे सांगायला नको का’ म्हणून त्याच्यावर घसरले. ग्रामपंचायतीत सोमवारी जाताहेत. बी-१ ची तारीख मी काल घेतली.

एकच उरलं. भारतीय पासपोर्टचं नेमकं कधी आणि कसं? जर्मनी दुहेरी चालवतं म्हणताय, मग दोन्ही ठेवता येत नाहीत का? आणि समजा प्रमाणपत्र दिवाळीच्या तोंडावर मिळालं, तर घरी जाता येईल ना?

मोसंबी

जर्मनी चालवून घेतं, भारत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार तू स्वेच्छेने दुसरं नागरिकत्व घेतलंस की भारताचं त्याच क्षणी संपतं. जर्मन प्रमाणपत्र हातात पडलं तो दिवस शेवटचा. भारतीय पासपोर्टवर पुढची दहा वर्षं छापलेली असली तरी त्यावर प्रवास केलास तर दंड होतो.

क्रम असा: प्रमाणपत्र, मग जर्मन पासपोर्ट, मग भारतीय वाणिज्य दूतावासात जुना पासपोर्ट जमा करून तसा दाखला घेणं, आणि तो दाखला जोडून ओसीआयचा अर्ज. मध्ये काही महिने जातात. त्या मधल्या काळात भारतात जायचं तर जर्मन पासपोर्टवर ई-व्हिसा काढून जायचं. स्वतःच्या गावाला पर्यटक म्हणून जाताना हसू येतं, पण चालतं. ओसीआय मिळालं की आयुष्यभर व्हिसाची कटकट नाही, फक्त मतदान, सरकारी नोकरी आणि वर सांगितलेली शेती सोडून. लग्नाला दोन वर्षं झाली की तुझ्या नवऱ्यालाही ओसीआय मागता येईल.

दिवाळीची तिकिटं मात्र नवा पासपोर्ट हातात आल्यावरच काढ. तिकिटावरचा पासपोर्ट नंबर बदलून घेणं जमतं, पण भारतात शिरायला व्हिसा नसेल तर विमानतळावरूनच परत पाठवतात. आणि जुना पासपोर्ट जमा करण्याआधी त्याच्या सगळ्या पानांची प्रत काढून ठेव, ओसीआयच्या अर्जात त्या लागतात.