मुलीच्या फ्रेंच हॉर्नवर सूर निसटतात. डबल हॉर्न घेतल्याने फरक पडेल का?

एडिसनवासी (प्रश्न)

नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत राहतो. आमची मुलगी आठवीत आहे आणि पाचवीपासून शाळेच्या बॅण्डमध्ये फ्रेंच हॉर्न (गोल वेटोळ्याचे पितळी फुंकवाद्य) वाजवते. तिच्या आजीची पेटी आणि माझे लहानपणी चार-दोन परीक्षांपुरते शिकलेले गाणे एवढीच आमच्या घरातली सांगीतिक पुंजी असल्यामुळे तिच्या अडचणी आम्हाला नीटशा कळत नाहीत, म्हणून येथे विचारते आहे.

तिची मुख्य तक्रार अशी आहे की, एक सूर धरायला जावे आणि नेमका त्याच्या शेजारचा लागावा, किंवा दोघांच्या मध्ये काहीतरी गुरगुरून मग हवा तो सूर यावा, असे तिच्याकडून वारंवार होते. क्लॅरिनेटच्या रांगेत एखादी चुकली तर कोणाला पत्ता लागत नाही, पण हॉर्न दोनच असल्याने आपली चूक मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाते, हे तिने मनाला फार लावून घेतले आहे. सध्या तिच्याकडे शाळेचा सिंगल, म्हणजे एकाच नळीचा, एफ हॉर्न आहे. हायस्कूलला जाण्यापूर्वी डबल हॉर्न घ्यावा, असे बॅण्डच्या शिक्षकांचे मत आहे. नव्या चांगल्या वाद्याला काही हजार डॉलर पडतात, त्यामुळे वाद्य बदलल्याने ही अडचण खरोखर कमी होते का, हे आधी समजून घ्यायचे आहे. त्यातच पुढच्या महिन्यात तिच्या दातांना तारा बसणार आहेत.

मध्यम_सप्तक

मी जर्मनीत नोकरी करतो आणि येथील गावच्या हौशी वाद्यवृंदात दुसरा हॉर्न वाजवतो. तुमच्या मुलीला जे होते ते या वाद्यावर सर्वांनाच कमीअधिक होते, व्यावसायिकांनाही होते, आणि त्याचे मूळ नळीच्या लांबीत आहे.

पितळी फुंकवाद्यावर कोणतीही कळ न दाबता केवळ ओठांचा ताण आणि हवेचा वेग बदलून स्वयंभू स्वरांची एक मालिका काढता येते. ही मालिका म्हणजे अशी शिडी आहे, जिच्या खालच्या पायऱ्या एकमेकींपासून लांब आणि वरच्या अगदी खेटून बसवलेल्या आहेत. ट्रम्पेटची नळी दीड मीटरहून थोडी कमी असल्यामुळे ट्रम्पेटवादकाचे बहुतेक काम आठव्या पायरीच्या आत आटोपते. एफ हॉर्नची नळी मात्र सुमारे ३.७ मीटर लांब असते आणि तरीही त्याला बऱ्याच अंशी त्याच पट्टीत वाजवायचे असते, म्हणून त्याला आठव्या पायरीच्या वरच्या गर्दीत सतत जावे लागते. पाश्चात्त्य स्वरलेखनात पाच रेषांच्या डोक्यावर लिहिला जाणारा जी हा सूर घ्या. एफ हॉर्नवर तो बारावा स्वयंभू स्वर असतो आणि त्याचे खालचे-वरचे शेजारी साधारण पाऊण स्वराच्या अंतरावर उभे असतात. ओठ किंचित ढिले पडले की अकरावा लागतो, आणि हा अकरावा तर शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या मधे कोठेतरी असल्याने कानाला अधिकच बोचतो.

डबल हॉर्नचा उपयोग येथेच होतो. जर्मनीतल्या एर्फुर्ट येथील क्रुस्पे यांच्या कारखान्यात १८९७ मध्ये एफ आणि बी-फ्लॅट अशा दोन नळ्या एकाच वाद्यात बसवून अंगठ्याच्या कळीने एकीवरून दुसरीवर जाण्याची सोय झाली. बी-फ्लॅटची नळी सुमारे २.७५ मीटर असते. तिच्यावर तोच जी नववा स्वर ठरतो आणि त्याचे शेजारी जवळजवळ पूर्ण स्वराइतके दूर सरकतात. तेव्हा फरक पडतो, आणि तो वरच्या पट्टीत ठळकपणे जाणवतो. तुमच्या शिक्षकांचा सल्ला योग्य आहे.

मात्र फुंकण्यापूर्वी तो सूर तिच्या कानात वाजलेला नसेल, तर नळी कोणतीही असली तरी ओठ अंदाजानेच काम करणार. पियानोवर पट्टी दाबली की सूर आपोआप मिळतो. हॉर्नवर तो आधी मनात असावा लागतो. यासाठी तुमच्या घरातलीच विद्या वापरा. हॉर्नवर लिहिलेला सी प्रत्यक्षात एफ ऐकू येतो, म्हणजे आजींच्या पेटीच्या भाषेत पांढरी चार. तानपुऱ्याचे ॲप पांढरी चारला लावावे, तिने धून प्रथम सरगममध्ये गावी आणि मगच वाद्य ओठांना लावावे. अखंड सुराच्या साथीने सराव करणे येथील हॉर्नवादकांनाही नवे नाही, पण त्यांना सरगमची सवय नसते, ती तिला आयती मिळेल.

मोत्सार्टने ज्या हॉर्नवादकासाठी हॉर्न कॉन्चेर्तो (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचना) लिहिले त्या योसेफ लॉइटगेबचीही यातून सुटका झाली नव्हती. एका कॉन्चेर्तोच्या हस्तलिखितात मोत्सार्टने त्याला उद्देशून चिडवणारे शेरे लिहून ठेवले आहेत. तिला हे अवश्य सांगा.

तिसरी_खुर्ची

वरील प्रतिसादातील कारणमीमांसा मान्य आहे, परंतु निष्कर्षाची घाई होते आहे असे वाटते. मी अमेरिकेतल्या एका हौशी बॅण्डमध्ये बरीच वर्षे हॉर्न वाजवते आहे आणि माझ्या मुलाच्या दातांच्या तारांचा काळही पाहिला आहे, त्या आधारावर लिहिते.

हॉर्नच्या माउथपीसचा, म्हणजे ओठांना लावायच्या तुकड्याचा, आतला व्यास जेमतेम १७ ते १८ मिलिमीटर असतो, त्याची कड बारीक असते आणि सर्वसाधारण पद्धतीत तिचा दोन-तृतीयांश भाग वरच्या ओठावर टेकतो. तारा बसल्या की या कडेचा दाब थेट धातूवर येतो, ओठ आतून सोलवटतो, आणि वर्षानुवर्षे बसलेली ओठांची ठेवण काही आठवडे तरी पार विस्कटते. वरचे सूर सर्वांत आधी जातात. अशा वेळी महागडे नवे वाद्य तिच्या हातात दिले, तर तारांमुळे होणारा त्रास ती वाद्याच्या किंवा स्वतःच्या माथी मारेल. माझ्या मते हा पहिला काळ शाळेच्याच हॉर्नवर जाऊ द्यावा, दातांच्या डॉक्टरांकडून मऊ मेण घेऊन ते तारांवर लावावे, सराव थोड्या-थोड्या वेळाचे तुकडे करून करावा आणि खालच्या पट्टीत लांब सूर धरण्यावर भर द्यावा. दाब देऊन सूर काढण्याची खोड असेल तर ती या काळात नाइलाजाने सुटते, हा एक अनपेक्षित लाभ.

त्यानंतर डबल हॉर्न जरूर घ्यावा, पण आधी भाड्याने, किंवा जुना पण सुस्थितीतला. जुना घेताना व्हॉल्वमधून (कळ दाबली की हवेची वाट बदलणाऱ्या झडपेतून) हवा गळते का ते पाहून घ्यावे. कळ न दाबता तिची छोटी नळी बाहेर ओढायची, क्षणभर थांबून मग कळ दाबायची; टप्प असा स्पष्ट आवाज आला तर व्हॉल्व घट्ट आहे. एरवी मात्र ती नळी कळ दाबूनच काढावी. ज्यांचे भारतात येणे-जाणे असते त्यांनी बेलचा (कर्ण्यासारख्या रुंद तोंडाचा) भाग फिरवून वेगळा होणारे वाद्य पाहावे, कारण ते ठेवायची पेटी बरीच लहान असते. जडपणाचाही विचार करा. डबल हॉर्न अडीच किलोच्या आसपास भरतो, आणि लहान चणीची मुले तो मांडीवर टेकवताना मान वाकडी करून बसतात.

निवृत्त_बॅण्डवादक

एडिसनवासी ताई, नमस्कार. मी नौदलाच्या बॅण्डमध्ये हॉर्न वाजवत असे. आता मुंबईतच असतो. वरील दोघांनी सांगितलेल्या गोष्टींत मला फारशी भर घालायची नाही, पण रोजच्या काही बाबी राहून गेल्या आहेत.

मुलीला बॅण्डमध्ये नेमके काय वाजवावे लागते, ते एकदा बसून ऐका. संचलनाच्या धुनांमध्ये धून ट्रम्पेट आणि क्लॅरिनेटकडे, ठोका ट्यूबाकडे, आणि हॉर्नकडे दोन ठोक्यांमधल्या रिकाम्या जागेवरचा सूर, असे वाटप असते. पानेच्या पाने तेच वाजवून मूल कंटाळते, आणि मग अचानक चार मात्रांची एकट्याची धून आली की थंड ओठांनी ती वाजवताना सूर निसटतो. डिसेंबरात नौदल दिनाच्या सुमारास गेटवेसमोर वाजवताना आमचेही तसेच होई. यावर आम्ही एकच करीत असू: धुनेच्या आधीच्या विरामात वाद्यातून आवाज न करता गरम हवा फुंकत राहायची. नळी थंड असली की सूर उतरतो, गरम झाली की चढतो, आणि तेवढ्यानेही नेम चुकतो.

नळीत साठलेले पाणी हेही गुरगुरण्याचे मोठे कारण असते. पुष्कळ हॉर्नना पाणी सोडण्याची सोय अपुरी असते, म्हणून वाद्य गोल फिरवून पाणी एका नळीत आणून ती काढावी लागते. मुलांना हे चारचौघांत करायची लाज वाटते आणि पाणी तसेच राहते. शिवाय वाजवण्यापूर्वी दात घासावेत. गोड खाऊन फुंकले की पितळ आतून कुजते, आणि मुंबईच्या दमट हवेत तर फारच लवकर.

बेलमध्ये असलेल्या उजव्या हाताकडे कोणाचे लक्ष नसते. तो अधिक आत गेला की सूर उतरतो आणि आवाज कोंदटतो. मुलगी दमली की हात आपोआप आत सरकतो, हे तिच्या शिक्षकांना तपासायला सांगा. घरी सराव करताना तिच्या मागे जाड पडदा किंवा सोफा नसावा. हॉर्नचा आवाज मागे जातो, तो पडद्याने गिळला की मूल विनाकारण जोर लावते. आणि व्हॉल्व दोऱ्यावर चालणारे असतील तर पेटीत जादा दोरा ठेवा. आम्ही कोळीवाड्यातून गळाची दोरी आणत असू, ती उत्तम टिकते.

एडिसनवासी

सर्वांचे मनापासून आभार. तारा बसल्यावर काही काळ थांबून मग भाड्याने डबल हॉर्न घ्यायचे ठरवले आहे. पांढरी चार ऐकून आजी लगेच पेटी घेऊन बसल्या. आता आणखी एकच शंका आहे. हायस्कूलमध्ये शरद ऋतूत मार्चिंग बॅण्ड (चालत वाजवणारा बॅण्ड) असतो आणि त्यात हॉर्नऐवजी मेलोफोन, म्हणजे समोर तोंड असलेले हॉर्नच्या जागी वापरायचे वाद्य, वाजवावे लागते, असे कळले. त्याने हॉर्नचा हात बिघडतो का?

तिसरी_खुर्ची

हात बिघडत नाही. हॉर्नच्या कळा डाव्या हाताने आणि मेलोफोनच्या उजव्या हाताने दाबायच्या असतात, पण मुले हा बदल चटकन आत्मसात करतात. प्रश्न ओठांचा असतो. मेलोफोनला साधारणपणे ट्रम्पेटच्या जवळ जाणारे माउथपीस लावतात आणि त्याची कड हॉर्नपेक्षा रुंद असते. काही जण जोडतुकडा वापरून त्यावर हॉर्नचेच माउथपीस बसवतात. त्याने ओठांची ठेवण टिकते, पण मेलोफोनचा सूर बिघडतो आणि आवाज पातळ होतो. बॅण्डचे संचालक त्याला सहसा तयार होत नाहीत. मी तरी मेलोफोनला त्याचेच माउथपीस ठेवीन आणि त्या हंगामात रोज घरी थोडा वेळ हॉर्नवर खालचे लांब सूर वाजवायला लावीन. तिच्या तारा तोवर निघाल्या नसतील, तर मेलोफोनच्या रुंद कडेने तिला थोडे बरे वाटेल.