रि: रि: गुरुवारचे डबे, दुसऱ्या रूटला ड्रायव्हर हवाय

मंडळी, येत्या गुरुवारी दुसऱ्या रूटला अजून कोणीच नाही. बापूकाकांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ते महिनाभर तरी गाडी चालवणार नाहीत. घराबाहेर पडू न शकणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना पोचवायचे अकरा डबे आहेत, साडेदहाला किचनमधून उचलायचे, बाराच्या आत मोकळे. आणि परत एकदा हात जोडून सांगते, डबा दारात ठेवून यायचं नाही!! मागच्या गुरुवारी एक पायरीवर सापडला, कोऑर्डिनेटरचा मला फोन. कोणी ठेवला ते विचारत नाहीये (माहितीये).
– माई

---

माई मीच ठेवला, कोड्यात कशाला बोलताय. तीनदा बेल मारली, पाच मिनिटं उभा होतो, मागे गाडीत चार डबे निवत होते आणि साडेबाराला माझी मीटिंग. एकीकडे सांगतात गरम जेवण 135 फॅरनहाइटच्या खाली जाता कामा नये, मग प्रत्येक दारात उभं राहायचं कधी? बाकी सगळं जग पार्सल दारात ठेवून फोटो काढून जातं. आपणही काढू की फोटो.
– पिंट्या

---

पिंट्या, पार्सल मागवणारा उठून दार उघडू शकतो रे. इथे दार कोण उघडतंय, कसं उघडतंय हे बघणं हेच अर्धं काम, ट्रेनिंगला सांगितलं होतं (तू फोनवर होतास). त्या आजोबांना खुर्चीपासून दारापर्यंत यायला सात-आठ मिनिटं लागतात, मी घड्याळ लावून बघितलंय. वॉकरच्या पायांना टेनिस बॉल लावलेत, ते घासत येतात, थांबतात, परत घासतात. तो आवाज आला की मी बेल बंद करते, नाहीतर ते घाई करतात आणि पडतील. आवाजच आला नाही तर लगेच ऑफिसला फोन. फेब्रुवारीत मी असाच केला होता, आतमध्ये बाई सकाळपासून बाथरूमात पडलेल्या होत्या. फोटोत काय दिसलं असतं? डबा.
– वहिनी

---

मूळ मुद्दा असा की गाडीच्या गॅसचे (पेट्रोलचे) पैसे मंडळ देणार असं मागच्या मीटिंगला ठरलं होतं, ते दिले असते तर ड्रायव्हर मिळाले असते
– नाना

---

नाना, ठरलं नव्हतं, चर्चा झाली होती, मिनिट्स बघा. चॅरिटीसाठी गाडी चालवली तर इथे अमेरिकेत टॅक्समध्ये मैलाला 14 सेंट वजावट, 1998 पासून तोच रेट. मंडळाकडे द्यायला काही नाही कारण गेल्या वर्षीच्या कोट कलेक्शनच्या स्टोरेजचं भाडं अजून चालू आहे आणि किल्ली कोणाकडे आहे ते कोणी सांगत नाही.
– खजिनदार

---

किल्ली माझ्याकडे नाही, डिसेंबरातच दिली. आणि कोट पडून राहिले त्यात माझा काय दोष, शेल्टरवाल्यांनी धुतलेले कोट आणि नवे मोजे मागितले होते, कोट सगळ्यांनी न धुता दिले, मोजे एकाने दिले नाहीत.
– नाना

---

माझे सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आलेत, दिवसभर घरात कंटाळतात, ते करतील का ड्रायव्हिंग? सासरे पुण्यात गाडी चालवतात. आणि हे डबे आपल्या लोकांना का नाही मिळत, गरिबांनाच का?
– धाकटी

---

धाकटे, ड्रायव्हिंग नाही, ऑफिसला इथलं लायसन्स, इन्शुरन्स, बॅकग्राउंड चेक सगळं लागतं. शेजारी बसून डबे हातात धरायला चालेल का ते माई विचारेल.
आणि गरिबांनाच हे कोणी सांगितलं तुला? हा 1965 च्या ओल्डर अमेरिकन्स ॲक्टचा कार्यक्रम आहे, साठी झालेली हवी आणि घरपोच डब्यासाठी माणूस घराबाहेर पडू शकत नसला पाहिजे, उत्पन्नाची अट नाही, पैसे ऐच्छिक. मी स्वतः पाच वर्षं डबे पोचवले पण फॉर्म भरताना हात अडखळला, खोटं कशाला बोलू. ही भारतात आहे, मला गॅससमोर उभं राहवत नाही. तेव्हा माई, दुसऱ्या रूटला आता अकरा नाही, बारा डबे. शेवटचं दार माझं.
– बापूकाका

---

मीटिंग दीडला ढकलली. गुरुवार मी घेतो. काका, वॉकरला टेनिस बॉल आहेत का?
– पिंट्या

---

नाहीत. खडखड ऐकू येईल.
– बापूकाका

---

नाना, डिसेंबरात किल्ली दिलीत ती कोणाला?
– खजिनदार