शेठचं दुकान ३१ मार्चला बंद होतंय. चूक आपली का?

कृष्णाकाठचा

सांगलीत गणपती पेठेच्या मागच्या बोळात आमचं किराण्याचं दुकान आहे. आमचं म्हणजे मालकीचं नव्हे, तीन पिढ्या आम्ही तिथं यादी टाकतो म्हणून आमचं. गेल्या आठवड्यात शेठनी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर स्केचपेननं लिहून पाटी लावली : '३१ मार्चपासून दुकान बंद. बाकी चुकती करावी.' मुलगा हिंजवडीत नोकरीला, तो गल्ल्यावर बसणार नाही. आणि गावाबाहेर एका मोठ्या साखळीचं दुकान झाल्यापासून महिन्याच्या याद्या निम्म्यावर आल्यात. शेठनी हे दुसरं कारण मला मान खाली घालून सांगितलं, कारण त्या निम्म्यांत मीही आहे.

ऑगस्ट २०१९ चा पूर आठवत असेल. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५. पेठेत दुकानंच्या दुकानं बुडाली. पाणी उतरल्यावर शेठ फुगलेल्या डाळीची पोती रस्त्यावर ओढून काढत होते आणि ओट्यावर उधारीच्या वह्या वाळत घातल्या होत्या. शाई पार वाहून गेलेली, पानं एकमेकांना चिकटलेली. बाबा बाकी विचारायला गेले तर म्हणाले, "तुम्ही सांगाल तो आकडा." बाबांनी २३४० सांगितले. शेठनी नव्या वहीत पहिल्या पानावर लिहून घेतले.

ही वही मॉलच्या काउंटरवर कुठं असते? चार पैसे वाचवायला आपण गावातून नक्की काय घालवतोय, यावर बोलू या. मला उपदेश केलात तरी चालेल, मी गुन्हेगार आहेच.

पै_पै_जोडी

उपदेश नाही, हिशेब सांगते. इचलकरंजीत राहते, चार माणसांचं घर, महिन्याचा किराणा साधारण साडेपाच हजार. तीच यादी वाण्याकडे आणि तीच मॉलमध्ये असं दोन महिने करून पाहिलं. फरक एकदा ४१० चा, एकदा ५३५ चा. तेल आणि साबणातच निम्मा फरक निघतो. तेवढ्यात माझ्या मुलाच्या रिक्षाकाकांचे महिन्याचे पैसे भागतात.

पुराची गोष्ट वाचून डोळ्यांत पाणी आलं, खोटं नाही सांगत. पण शेठचा जिव्हाळा मी यादीत कुठल्या ओळीला लिहू? तुमच्या बाबांना २३४० ची उधारी मिळाली कारण ते ती फेडणारे आहेत हे शेठना ठाऊक होतं. शिवाय उधारीचं गिऱ्हाईक भाव करत नाही. वहीत नाव असलं की "ही तूरडाळ जुनी दिसते हो" म्हणायला जीभ रेटत नाही. आमच्या सासूबाई बावीस वर्षं एकाच दुकानात बांधल्या गेल्या होत्या, त्या बाकीपायी.

कृष्णाकाठचा

हे "बांधल्या गेल्या" मला मान्य करावं लागेल. आमच्याकडेही आई डाळ निवडताना पुटपुटायची, दुकानात जाऊन कधी बोलली नाही.

डबल_स्कीम

मी डिस्ट्रिब्युटर आहे, एकोणीस वर्षं. साबण, पेस्ट, बिस्किटं. म्हणजे कृष्णाकाठच्या शेठसारख्यांना माल पोचवणारा मीच. इथं सगळे भावना आणि भाव यांवर बोलताहेत, मधली गोष्ट कुणी बोलत नाही म्हणून लिहितो.

वाणी महाग विकतो कारण त्याला महाग मिळतं, इतकं सरळ आहे. डीमार्टचं उदाहरण घ्या. पहिलं दुकान २००२ साली पवईत. बहुतेक दुकानं स्वतःच्या जागेत, म्हणजे भाड्याचा काच नाही. कंपन्यांचे पैसे झटपट चुकते करायचे आणि त्या बदल्यात भाव पाडून घ्यायचा. माझ्या वाण्याला मी पंधरा दिवस देतो, तो पंचवीस लावतो, शेवटी दोन चेकांपैकी एक परत येतो. कंपनीनं कुणाला स्वस्त द्यावं, सांगा.

पण एक पायरी पुढं गेलं की अन्याय सुरू होतो. ज्या भावात कंपनी मला माल देते त्याहून कमी भावात तोच माल घाऊक ऑनलाइन ॲपवर दिसायला लागला. वाणी मोबाइल माझ्या नाकासमोर धरून विचारायचा, "तू मला लुटतोस का?" यावरूनच २०२२ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या वितरकांनी कोलगेटचा माल उचलणं थांबवलं होतं. पुढं बोलणी झाली, गाडी चालू झाली. एक पेस्टची ट्यूब तीन दारांनी तीन भावांत बाहेर पडते, हे मात्र तेव्हा चव्हाट्यावर आलं.

तेव्हा गिऱ्हाइकाला अपराधी वाटून काही होणार नाही. कृष्णाकाठ, तुम्ही सगळा किराणा शेठकडून भरला असता तरी त्यांचा खरेदीचा भाव पैशानं उतरला नसता.

चहात_पारले

डबल_स्कीम, त्या दोन चेकांपैकी एक माझ्या काकांचा असणार. क्षमस्व.

दुसऱ्या_रांगेतली

तीन दिवस हा धागा वाचतेय. 'गावाचं दुकान', 'आपला वाणी', 'ओळखीचा माणूस' हे शब्द आले की मला काहीतरी आठवतं, ते लिहूनच टाकते.

माझं लहानपण एका तालुक्याच्या गावचं. दुकानाच्या ओट्याला तीन पायऱ्या होत्या. आम्ही खालच्या पायरीवर उभं राहायचं, असा लिखित नियम नव्हता, पण सगळ्यांना माहीत होतं. शेठ पैसे ओट्यावर ठेवायला सांगायचे, सुटे परत देताना वरून हातात सोडायचे. माझ्यानंतर आलेली पाटलांची पोर आधी सामान घेऊन जायची. 'उधारी बंद आहे' ही पाटी त्याच दुकानात होती आणि त्याच पाटीखाली बसून शेठ पाटलांचं नाव वहीत लिहायचे. तेव्हा ती पाटी वाचता येणारी आमच्या घरातली मी पहिली.

आणि मोठी झाल्यावर पॅड. वर्तमानपत्रात गुंडाळून, वर काळी पिशवी, आणि गल्ल्यावरच्या पोराचं ते हसू. ते चुकवण्यासाठी मी दोन मैलांवरच्या मेडिकलपर्यंत चालत जायचे.

पहिल्यांदा मॉलमध्ये गेले तेव्हा मी एक तास नुसती हिंडले. हात लावून बघता येतं. मागं ठेवता येतं. आडनाव कुणी विचारत नाही, बाबा काय करतात विचारत नाही. मशीन टुक करतं, कागद निघतो, पुढचा. तुम्ही ज्याला परकेपणा म्हणता त्याच्यासाठी मी महिन्याला पाचशे रुपये जास्तही मोजले असते. आणि इथं तर तो उलट स्वस्तात मिळतो.

शेठ चांगले असतील. सगळे शेठ तसे होते असं म्हणत नाही. पण गावातली ओळख सगळ्यांना सारखी मिळत नव्हती, एवढं तरी धाग्यात नोंदवलं जावं.

मिरजेचा_तंबोरा

ताई, तुम्ही लिहिलंत त्यावर वाद घालायला मला तोंड नाही. पण एक विचारतो. मॉलच्या मशीनला आडनाव कळत नाही तसं ती बाई आज आजारी आहे हेही कळत नाही. आमच्या आत्याचं घर एकटीचं. दोन दिवस दुधाची पिशवी घ्यायला आली नाही म्हणून दुकानदारानं पोरगा पाठवला. आत्या न्हाणीघरात पडलेली होती, खुब्याचं हाड मोडलेलं. कोपऱ्यावरच्या दुकानाचं रस्त्यावर लक्ष असतं, त्यानं सगळा रस्ता राखला जातो. रात्री साडेदहापर्यंत तिथं दिवा असतो. शाळेतून लवकर आलेलं पोर किल्ली मागायला तिथं जातं. गणपतीची वर्गणी पहिली तिथून निघते. मॉलवाल्याला वर्गणी मागायला गेलो तर म्हणाला, हेड ऑफिसला मेल टाका.

पै_पै_जोडी

वर्गणी माझ्याच साखरेतून निघते हो तंबोरा.

दुसऱ्या_रांगेतली

लक्ष राखतं तेच लक्ष पाळतही ठेवतं. आमच्या गल्लीत कोण कुणाबरोबर बोलतं हे माझ्या वडिलांना दुकानातूनच कळायचं. आत्याबाई बऱ्या आहेत ना आता?

मिरजेचा_तंबोरा

काठी घेऊन चालते. दूध आणायला स्वतः जाते. पोहोचवून देतो म्हटलं तर शिव्या घालते.

पूर्वाश्रमीचा_पोऱ्या

दोन्हीकडं राबलेला या धाग्यावर मी एकटाच दिसतोय. चौदाव्या वर्षी किराणा दुकानात लागलो. सकाळी सात ते रात्री दहा, महिन्याच्या अमावस्येला सुट्टी. झोपायचं दुकानातच, पोत्यांवर. साखरेच्या पोत्यावर झोपू नये, मुंग्या येतात, ज्वारीचं बरं. मालक पोटच्या पोरासारखं वागवायचे, म्हणजे पगार द्यायचे नाहीत, गावी बापाकडे काहीतरी पाठवायचे. त्यांनी पुडी बांधायला शिकवली, एका हातानं, दोरा तोंडात धरून. अजून जमते.

मग मॉल. गणवेश, पगार खात्यात, पीएफ कापलेला. ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड मिळालं तेव्हा बायकोच्या बाळंतपणाला त्याचाच उपयोग झाला. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानाला हे कायद्यानं लागूच नाही, त्यामुळं शेठ लोकांना दोष देत नाही. पण खुर्ची तिथंही नव्हती, काउंटरवर नऊ तास उभं. आणि मी कंपनीचा नव्हतोच, एजन्सीचा होतो. एजन्सी बदलली तसे आम्ही अकरा जण एका शनिवारी घरी. कुणी ओरडलं नाही, कुणी रडलं नाही, कार्ड दारात घेतलं.

किराण्याच्या मालकानं मला काढलं असतं तर निदान बापाशी भांडायला गावी आला असता.

कल्याण_स्लो

या दोघांशिवाय तिसरं काही नसतंच, असं सगळ्यांनी धरलेलं दिसतंय. महाराष्ट्रात बसून असं धरावं याचं नवल वाटतं. मुंबई ग्राहक पंचायत, म्हणजे ग्राहकांनीच मिळून माल एकत्र घ्यायची संस्था, १९७५ पासून आहे. तिच्या आमच्या संघात १४ घरं. महिन्याला यादी भरायची, ठरल्या दिवशी टेम्पो येतो, माल एका घरी उतरतो, तिथं बायकापुरुष मिळून घराघराचे वाटे करतात. दुकान नाही, गल्ला नाही, जाहिरात नाही. त्या दिवशी आमच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नसते आणि पोहे कुणी करायचे यावर दर महिन्याला तंटा होतो.

आणि नायगावचा अपना बाजार १९४८ चा, तोही सहकारी. डीमार्टच्या दमाणींनी स्वतःचं दुकान काढण्याआधी नेरूळला त्याच अपना बाजारची फ्रँचायझी चालवली होती. म्हणजे धडा आपल्या पाटीवर गिरवला आणि परीक्षा दुसऱ्यानं पास केली.

(वाटे करायला येणारे आता सगळे साठीच्या पुढचे आहेत, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. माझी मुलगी दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या ॲपवरून कोथिंबीर मागवते.)

स्टुटगार्टची_सून

कल्याण_स्लो यांच्या मुद्द्यात भर. इथं जर्मनीत मी ज्या एडेका नावाच्या दुकानात जाते ती देशातली अगदी मोठी साखळी आहे. नाव कुठून आलं माहितीये? १८९८ साली बर्लिनमधल्या काही वाण्यांनी मिळून माल एकत्र खरेदी करायला सहकारी संस्था काढली, तिच्या नावाची आद्याक्षरं. आजही त्यातली बरीच दुकानं स्वतंत्र मालकांची आहेत, दारावर मालकाचं नाव असतं. वाणी तोच, भाव साखळीचा. डबल_स्कीम म्हणतात तो खरेदीच्या भावाचा पेच त्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी असा सोडवला.

अर्थात रविवारी सगळं बंद. शनिवारी रात्री मीठ संपलं तर सोमवारपर्यंत अळणी जेवायचं. तेव्हा मला आमच्या कोल्हापूरच्या वाण्याची फार आठवण येते, अर्धं शटर वर करून मीठ देणाऱ्या.

डबल_स्कीम

कल्पना उत्तम. पण सांगली जिल्ह्यात कारखाने, दूध, बँका, सूतगिरण्या सगळं सहकारी करून बसलेत आणि वाणी तेवढा एकटा का राहिला, याचं उत्तर मला ठाऊक आहे. शेजारच्या दुकानदाराला आपला खरेदीचा भाव कळणं म्हणजे त्याला आपली तिजोरी उघडून दाखवणं. मी एकाच बोळातल्या दोन दुकानांना एकच भाव देतो. दोघंही मला डोळा मारून म्हणतात, "त्याला सांगू नका."

कृष्णाकाठचा

सगळ्यांचं वाचलं. दुसऱ्या_रांगेतली यांचं दोनदा. धागा काढताना माझ्या मनात जे 'गाव' होतं त्यात मी ओट्यावर उभा होतो, खाली कोण उभं आहे ते बघितलं नव्हतं. शेठच्या दुकानाला पायऱ्या नाहीत, पण आमच्या गल्लीत राहणारे सगळेच त्या वहीत होते का, हे मी खात्रीनं नाही सांगू शकत.

काल बाकी द्यायला गेलो होतो, ८६५ निघाले. स्टुटगार्टची गोष्ट शेठना सांगितली. खूप हसले. म्हणाले, "या पेठेत दोन दुकानदार चहाचं बिल एकत्र देत नाहीत, माल कुठला एकत्र घेताय." मग जरा थांबून म्हणाले, "पुरानंतर मात्र एकत्र खर्च केला होता. पंप एकच होता, नऊ दुकानांत फिरवला. डिझेलचे पैसे वाटून घेतले." मग पुन्हा हसले नाहीत.

पूर्वाश्रमीचा_पोऱ्या

त्यांच्याकडे कामाला कोण आहे? त्याचं काय ठरलं?

कृष्णाकाठचा

एक जण आहे, सव्वीस वर्षं तिथंच. खरं सांगतो, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. आज मुद्दाम जाऊन विचारलं. १ एप्रिलपासून गावाबाहेरच्या त्याच मॉलच्या गोदामात लागतोय, शेठनीच शब्द टाकला. पगार तीन हजारांनी जास्त. सुट्टी मंगळवारची. एवढंच विचारत होता की तिथं उभं राहावं लागतं का.